होडीत की काठावर

पुएर्तो गास्पार
२४ जानेवारी १९९४

मामा,

आई म्हणते आधी गुडघ्यांचं विचार. तर, तुझे गुडघे कसे आहेत? झालं, विचारलं. आता खरी बातमी.

आपल्या बेसबॉलच्या मैदानामागे नदीतला गाळ काढायचं मोठं यंत्र आलंय. त्याच्यावर आमाउरिस नावाचा एक डोमिनिकन मेकॅनिक आहे. गेल्या रविवारी सरावाला आला आणि कुंपणाला टेकून बघत राहिला. आपल्या यादेरने, माझ्या शहाण्या भावाने, चेष्टेत त्याच्या हातात बॅट दिली. पहिला चेंडू त्याने सोडला. दुसरा पण सोडला. पोरं हसायला लागली. तिसरा त्याने असा हाणला की शाळेच्या पत्र्यावरून, दोन्या मिरेयाच्या केळींवरून, थेट नदीत. मामा, नदीत! चेंडू तरंगत तरंगत लास मारियासकडे निघून गेला. यादेर म्हणाला, "बघा, समोरच्या संघाला आधीच कळवून टाकलं यानं."

आता गावात दोन पक्ष पडलेत. लीगच्या नियमाने संघात एक परदेशी चालतो. बर्फवाले डॉन फिदेल्मो अध्यक्षाच्या खुर्चीत बसून म्हणतात, घ्या. म्हातारा चोन म्हणतो, नको. कमिटीच्या नऊ मतांत चार घ्या, चार नको. नववं संस्थापकाचं, म्हणजे तुझं. यादेरचं म्हणणं, तो चौथ्या नंबरला बॅटिंगला आला तर तिसऱ्या नंबरला मला पिचर मुद्दाम लांबचे चेंडू टाकून फुकट बेस देणार नाही, नीट टाकेल. त्याला पगार नको. बूट हवेत आणि तीन वेळ आईच्या खानावळीत जेवण.

क्लबच्या खोलीत खिळ्याला टांगलेलं तुझं छातीचं कवच पण बघितलं त्याने. डाग कसला म्हणून विचारलं. यादेरने छाती पुढे काढून सगळी गोष्ट सांगितली. मी जन्मलो त्या दिवशी मामा कॅचर होता, मॅच सोडून आईला होडीत घातलं, सहा मिनिटांत नदी ओलांडली, वल्हवून वल्हवून तळहात फुटले, ते हे रक्त. डोमिनिकनने टोपीच काढली. मग बॅटिंगआधी आपली पोरं लावतात तसा त्यालाही हात लावायचा होता. पण चोन ओरडला, "अहो, ते आमचं आहे!"

कागद संपला म्हणून आता पाठीवर लिहिते. आईने विचारलंय, ग्रानादात केळीच्या पानात उकडलेल्या नाकातामालला डुकराचं मांस घालतात की नुसती हवा?

नोहेलिया


ग्रानादा
१ फेब्रुवारी

नोहेलिया,

गुडघे दोन आहेत आणि दोन्ही माझेच आहेत, दुसरं काही चांगलं सांगण्यासारखं नाही.

तुझं मला नवल वाटतं. ख्रिसमसला चार दिवस माझ्याकडे राहिलीस आणि अख्ख्या चार दिवसांत एकच शब्द बोललीस. "मीठ." आणि कागद मिळाला की तुझी जीभ घोड्यासारखी सुटते. बरं, अर्धी ओळ मामाच्या गुडघ्यांना आणि बाकी सगळं पत्र त्या परक्याला? काय गं, प्रकरण काय आहे? दिसायला बरा आहे का?

माझं मत: नाही. पुएर्तो गास्पारच्या चौथ्या नंबरला अकरा वर्षं मी खेळलोय. त्या जागेवर यंत्राबरोबर आलेला माणूस? उद्या यंत्र हललं की तोही हलला, मग आम्ही कोणाच्या नावाने बोंबलायचं? आणि माझ्या कवचाला हात? त्याच्या हाताला ग्रीस असेल.

कमिटीला माझा निरोप सांग. म्हणजे तू सांगू नकोस, तू कुठली सांगतेस. हे पत्र डॉन फिदेल्मोच्या समोर ठेव. लीगला लिहा म्हणावं, सगळ्या संघांच्या सगळ्या खेळाडूंचे जन्मदाखले तपासा. आधी कागद, मग बॅट. लास मारियासचे निम्मे कुठून उगवलेत ते देवाला ठाऊक. मी स्वतःसुद्धा लीगला पत्र टाकतोय.

मामा एव्हेनोर

ता. क. कागदाच्या पाठीवर लिहीत जाऊ नकोस. शाई फुटते, आणि तिथलं कोणी वाचतही नाही. कोणी वाचू नये असं असेल तेच माणूस पाठीवर लिहितो. नाकातामालात मांस असतं. तुझ्या आईला सांग, जास्त असतं.


पुएर्तो गास्पार
१० फेब्रुवारी

मामा,

तो बेचाळीस वर्षांचा आहे. त्याला पुढचे दोन दात नाहीत. दुपारी खानावळीच्या बाकावर झोपला की यंत्र बंद असलं तरी चालू आहे असं वाटतं. झालं समाधान?

त्याला माझ्याएवढी मुलगी आहे, तिकडे बेटावर. त्याला लिहिता येत नाही, म्हणून तिची पत्रं मी लिहून देते. तो बोलतो, मी लिहिते. मला बोलावं लागत नाही, त्याला लिहावं लागत नाही. चांगलं जमतं आमचं.

काल जेवणाच्या वेळी परत जुंपली. चोन म्हणाला, "परक्याने होमरन मारली तर आपण कशाला नाचायचं?"

यादेर म्हणाला, "चोनकाका, तुमचा रेडिओ जपानी आहे. त्याच्यावर मॅच ऐकताना नाचता ना?"

"रेडिओ जेवत नाही."

तेवढ्यात आई आतून आली. "हा जेवतो आणि आपलं ताट आपण धुऊन ठेवतो. इथे बसलेल्यांपैकी कोणी धुतलंय कधी?"

सगळे ताटात बघायला लागले. आमाउरिसला काय चाललंय ते कळत होतं, पण तो गुपचूप केळ्याचे काप खात होता. मग म्हणाला, "काकी, अजून आहेत?" एवढंच.

तुझं पत्र डॉन फिदेल्मोंना दिलं. त्यांनी ते खुर्चीवर उभं राहून वाचलं. आणि मामा, लीगने तुझं ऐकलं! २० मार्चच्या आत सगळ्यांनी दाखले द्यायचे. लास मारियासचे दोघे कागदाचं नाव ऐकूनच उडाले. त्यातला एक तर म्हणे आडनाव पण बदलून खेळत होता. गावात सगळे म्हणतात, एव्हेनोरसारखं डोकं नाही. आई म्हणते, डोकं कधीच वाईट नव्हतं, बाकीचं बघायला हवं होतं.

तुझी भाची, जिला मीठ लागतं


ग्रानादा
१७ फेब्रुवारी

नोहेलिया,

दोघे उडाले! दुकानात ज्याची दाढी करत होतो त्याला वाचून दाखवलं. वस्तरा हातात होता म्हणून तो हलला नाही, नाहीतर त्याने टाळ्याच वाजवल्या असत्या.

बघितलंस? इथे बसून, एवढं अख्खं सरोवर मध्ये असताना, मी लास मारियासचे दोन गडी बाद केले. बूट न घालता.

यादेरला सांग, घाबरू नकोस, तुझा मामा आहे. तू जन्मलास तेव्हाही मीच धावलो होतो. सातवी इनिंग, तीन-तीन बरोबरी, अंगावर कॅचरचं सगळं सामान, आणि सहा मिनिटांत तुझ्या आईला दाईच्या उंबऱ्यावर! तो विक्रम आजवर कोणी मोडलेला नाही आणि मोडणार नाही. हे पत्रसुद्धा डॉन फिदेल्मोला दाखव, त्याला या गोष्टी आवडतात.

डोमिनिकनबद्दल मत तेच. बेचाळीस वर्षं, दोन दात कमी. म्हणजे परका तर परका, वर जुना.

मामा


पुएर्तो गास्पार
२८ फेब्रुवारी

मामा,

कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळच लिहिते.

आईने ट्रंकेतून यादेरचा दाखला काढला. एकच आहे, दाईने करून दिलेला, पलीकडचा. जन्माचं ठिकाण: दाई एउलालिया हिचं घर, दक्षिण काठ, कॉस्टा रिका. आम्ही कधी वाचलाच नव्हता. लीगच्या माणसाने वाचला आणि यादेरच्या नावापुढे लाल पेन्सिलीने लिहिलं: परदेशी.

मामा, आपला यादेर परदेशी! ज्याने सहा वर्षांचा असल्यापासून गास्पारचा शर्ट काढलेला नाही तो.

मी डॉन फिदेल्मोंकडे गेले. बोलले नाही, नुसती उभी राहिले. त्यांना समजलं. म्हणाले, "पोरी, दाई वारली, आता कोणाला विचारणार? आणि वर तुझ्या मामाचं पत्र माझ्याच खिशात आहे. सहा मिनिटांत उंबऱ्यावर पोचवलं असं त्याने स्वतः लिहिलंय."

म्हणजे जागा एक आणि परदेशी दोन. आणि जे चार जण 'परका घ्या' म्हणत होते त्यातले दोघे आता हळूच म्हणतात, एकच घ्यायचा तर मग जास्त लांब मारणारा घेऊ.

नदीचं पाणी पार पलीकडच्या काठाला लागेपर्यंत आपलं, निकाराग्वाचं. काठ तेवढा त्यांचा. दहा हात अलीकडे जन्मला असता तर काही प्रश्नच नव्हता. मामा, तू जरा हळू वल्हवलं असतंस तर!

यादेर म्हणतो, "मी परदेशी ना? मग परदेशातच जातो. पलीकडे संत्र्यांच्या मळ्यात माणसं हवी आहेत." हसत हसत म्हणाला. पण नंतर क्लबच्या खोलीत गेला आणि कवचाला हात न लावता परत आला.

आईला विचारलं, खरंच कुठे जन्मला गं? ती मका दळत होती. दळतच राहिली. मग म्हणाली, "मामाला विचार. होडी त्याची होती."

विचारते.

नोहेलिया


ग्रानादा
७ मार्च

नोहेलिया,

पत्र मिळालं. इकडे वारा फार आहे. दुकानात गिऱ्हाईक बरं आहे. कागदावर जे लिहिलंय ते सरकारी, मी न्हावी माणूस, त्यात काय बोलणार. सोपा उपाय आहे. त्या डोमिनिकनला नको म्हणा, म्हणजे परदेश्याच्या जागेवर यादेर खेळेल. खेळल्याशी कारण. लाल पेन्सिल काय, पुसली जाते. गुडघे दुखतात.

एव्हेनोर


पुएर्तो गास्पार
११ मार्च

मामा,

तुझं पत्र इतकं लहान की आईने पाकीट हलवून बघितलं, अजून काही आत राहिलंय का. तू एवढ्यात साधा शिंकत पण नाहीस.

तुझा सोपा उपाय आमाउरिसला तुझ्याआधी सुचला होता. तो स्वतः म्हणाला, "मी नाही खेळत. पोराला खेळू द्या." यादेर म्हणाला, "उपकार नको. परदेशी म्हणून मी गास्पारचा शर्ट घालणार नाही." आईने तो शर्ट धुऊन, इस्त्री करून, पिशवीत सगळ्यात खाली ठेवलाय. २३ तारखेच्या लाँचने तो मळ्यात जाणार. ठरलंय त्याचं. काल आईने भातात दोनदा मीठ घातलं आणि सगळ्यांनी तो मुकाट खाल्ला, चोनने सुद्धा.

आता एक विचारू? काल मी यादेरला म्हटलं, जायच्या आधी एकदा मला पलीकडे फिरवून आण. दाईच्या पडक्या घरापर्यंत. आमाउरिसचं घड्याळ माझ्या हातात होतं. यादेरचे दंड तुला माहीत आहेत, आणि सध्या नदीला ओढ पण नाही.

चौदा मिनिटं लागली.

मामा, तू सहात कसा गेलास?

हे मी कोणाला बोलले नाही. मला बोलता येत नाही हे तर तुला माहीतच आहे.

बैठक २० ला आहे, दुपारी, क्लबच्या खोलीत. संस्थापक हजर नसला तर त्याचं पत्र त्याच्या रक्ताच्या माणसाने मोठ्याने वाचायचं हा नियम तूच केलास. आईला वाचता येत नाही. यादेरचाच विषय म्हणून त्याला आत बसता येत नाही. राहिले मी. आणि शाळेत मोठ्याने वाचायची पाळी येई म्हणून तर मी शाळा सोडली. तेव्हा लिहायचंच असेल तर लहान लिही. पण लिही.

नोहेलिया


ग्रानादा
१५ मार्च

नोहेलिया, हे मोठ्याने वाच. सावकाश वाच. हसतील तिथे थांब, हसू दे त्यांना, मग पुढे वाच.

पुएर्तो गास्पार बेसबॉल क्लबच्या कमिटीस,

मी, एव्हेनोर, तुमचा जुना कॅचर, लिहून देतो की सहा मिनिटं खोटी आहेत. सहा मिनिटांत त्या नदीत बदकसुद्धा पलीकडे जात नाही.

१९ मार्च १९७२, रविवार. लास मारियासशी शेवटची मॅच, तीन-तीन बरोबरी. सातव्या इनिंगला दोन्या मिरेयाने काठावरून हाक मारली की माझ्या बहिणीला कळा सुरू झाल्यात. होडी माझी होती. मी तसाच धावलो, हे खरं. एवढंच खरं.

मला नवव्या इनिंगला परत यायचं होतं. नवव्याला माझी बॅटिंग होती. म्हणून सरळ न जाता मी नदीतल्या बेटामागच्या चिंचोळ्या पाण्यातून होडी घातली, लवकर पोचू म्हणून. होडी गाळात बसली. ढकलायला गेलो तर वल्हं चिखलात रुतलं, सुटलं आणि वाहून गेलं. माझी बहीण म्हणाली, "एव्हेनोर, तुझ्या मॅचला आग लागो." आणखी पुष्कळ म्हणाली, ते इथे लिहीत नाही.

यादेर तिथे आला. होडीत. बेटापासून तीन हातांवर, आपल्या पाण्यात, चारी बाजूंनी निकाराग्वा. मी छातीचं कवच काढलं आणि त्याला त्यात घेतला. आयुष्यात इतके चेंडू पकडले, पण एवढ्या जपून एकही नाही. तासाभराने दाईचा नवरा आम्हाला दोर बांधून ओढत घेऊन गेला. दाईने कागद लिहायला घेतला तेव्हा मीच तिला म्हणालो, लिही, तुझ्या घरी झाला. आणि बहिणीच्या पाया पडलो की कोणाला सांगू नकोस, मॅचसाठी मी तुला गाळात घातलं म्हणून. तिने बावीस वर्षं तोंड उघडलं नाही. माझं मात्र बंद झालं नाही.

तळहात माझे फुटले नव्हते. कवचावरचा डाग यादेरच्या जन्माचा आहे. डॉन फिदेल्मो, दर मॅचआधी तुम्ही ज्याचा मुका घेता तो. माफ करा.

पोर इथलंच आहे. परदेशी म्हणायचं तर मला म्हणा.

एव्हेनोर


पुएर्तो गास्पार
२१ मार्च

मामा,

वाचलं.

आधी आवाजच फुटेना. डॉन फिदेल्मोंनी पाणी दिलं. चोन म्हणाला, "पोरगी आहे की पुतळा?" मग मी डोळे मिटले, उघडले आणि घाईघाईत पहिल्या ओळीपासूनच सुटले. "नोहेलिया, हे मोठ्याने वाच. सावकाश वाच. हसतील तिथे थांब." मामा, ते फक्त माझ्यासाठी होतं हे माझ्या लक्षातच नाही आलं! सगळी खोली हसली. आणि तू थांब म्हणाला होतास म्हणून मी थांबले. तेवढ्यात श्वास सापडला. पुढचं मग येत गेलं.

बदकाला हसले. वल्ह्याला हसले. कवचात घेतला तिथे कोणी हसलं नाही. मुक्याला आले तेव्हा डॉन फिदेल्मो रुमालाने तोंड पुसत बसले, बराच वेळ. चोन म्हणाला, "आता पुसून काय उपयोग, अध्यक्ष?"

यादेर बाहेर खिडकीखाली उभा होता, सगळं ऐकत. आत आला. तो कवचाजवळ गेला आणि हात लावायचा तर नुसता बघतच राहिला. मग म्हणाला, "म्हणजे दर मॅचला मी माझ्याच जन्माला हात लावून..." आणि त्यालाच इतकं हसू आलं की खाली बसला. डॉन फिदेल्मोंनी ठराव लिहिला: यादेर होडीत जन्मला, होडी नदीत होती, नदी आपली. संस्थापकाची साक्ष आणि आईची साक्ष. आईने अंगठा उमटवला आणि एवढंच म्हणाली, "आणखी पुष्कळ म्हणाले होते ते खरं आहे." लीगचा माणूस तिथेच बसला होता, त्याने लाल अक्षरांवर निळ्याने रेघ मारली. पिशवीतून शर्ट वर आलाय. मळे रद्द.

आता दुसरं. यादेर आपला ठरला म्हणजे परदेश्याची जागा मोकळी. परत मतं घेतली, परत चार-चार. डॉन फिदेल्मोंनी मला विचारलं, "आणि एव्हेनोरचं मत?"

मामा, मी कागद धरून उभी होते. खाली तुझी सही होती. मी म्हटलं, "पत्र संपलं." मी म्हटलं! तोंडाने! मग बैठकीत वाचलेल्या पत्रात संस्थापकाचं मत नाही म्हणून अध्यक्षांचं जादा मत चाललं. आमाउरिस येत्या रविवारपासून चौथ्या नंबरला.

घरी येऊन कागद घडी करताना पाठ दिसली. तिथे तू बारीक अक्षरात लिहिलंयस, "माझं मत: परका नको." मी बैठकीत कागद उलटला नाही. कारण पाठीवर लिहायचं नाही, तिथलं कोणी वाचत नाही, असं मला एका मोठ्या माणसाने शिकवलंय. तू रागावला असशील तर रागाव. मला एका गोष्टीचं मात्र नवल वाटतंय. पुढच्या बाजूला सहीखाली चांगली चार बोटं जागा होती.

शेवटी आमाउरिसने भीतभीत विचारलं, आता हात लावू का. चोन तोंड उघडणार तेवढ्यात आई पुढे झाली. म्हणाली, "रक्त माझं आहे, मी सांगते. लाव रे. आधी हात धू."

नोहेलिया


ग्रानादा
२८ मार्च

नोहेलिया,

मी? कागदाच्या पाठीवर? आयुष्यात कधी लिहिलंय का मी?

दुकानात आता मला सगळे बदक म्हणतात. तुझ्या आईनेच कोणाबरोबर तरी निरोप पाठवला असणार, बावीस वर्षांचं एकदम बाहेर पडलं. पडू दे.

काल रविवार होता. तो दात नसलेला चौथ्या नंबरला आला तेव्हा काय झालं ते लिही. किती लांब गेला, कुठल्या केळींवरून, यादेर तेव्हा कुठल्या बेसवर होता, सगळं. कागद पुरला नाही तर पाठीवर लिही. मी वाचतो.

मामा